पंखाखाली नेमकं काय टांगलंय?

लढाऊ जेटच्या प्लास्टिक किटमध्ये हल्ली विमानापेक्षा शस्त्रांचेच तुकडे जास्त निघतात. क्षेपणास्त्रं, लेझर बाँब, इंधनाच्या टाक्या, नेम धरायला लागणारे टार्गेटिंग पॉड, सगळं एकाच खोक्यात. मग हात शिवशिवतात आणि प्रत्येक पायलॉनवर, म्हणजे शस्त्र टांगायच्या खांबावर, काहीतरी चिकटवलं जातं. असं भरगच्च मॉडेल कपाटात झकास दिसतं, पण तसं विमान बहुधा कधीच उडालेलं नसतं. खऱ्या विमानावर काय टांगायचं हे त्या दिवसाची कामगिरी, लागणारं इंधन आणि पायलॉनवर बसणारा लाँचर ठरवतो. म्हणून आधी एक विमान, एक तारीख आणि शक्य तर एक फोटो पक्का करावा. गोंदाची बाटली नंतर उघडावी.

पहिलं काम म्हणजे उपप्रकार ओळखणं. अमेरिकी हवाई दलाच्या विमानांवर हे थोडं सोपं जातं, कारण शेपटीवरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे खरेदीचं आर्थिक वर्ष सांगतात. ‘एएफ’ अक्षरांखाली ९० आणि शेजारी मोठ्या आकड्यांत ८१३ असेल, तर ते १९९० च्या तरतुदीतलं विमान. पण कधी कधी फोटोत क्रमांक दिसत नाही. तेव्हा अंगावरच्या खुणा बघाव्या लागतात. एफ-१६ मध्ये हवा आत घेणारं तोंड रुंद दिसलं की इंजिन जनरल इलेक्ट्रिकचं. अरुंद असेल तर बहुधा प्रॅट अँड व्हिटनीचं. ‘बहुधा’ म्हणण्याचं कारण असं, की ब्लॉक ३० (ब्लॉक म्हणजे उत्पादनाचा टप्पा) च्या सुरुवातीच्या विमानांत इंजिन जनरल इलेक्ट्रिकचं असूनही तोंड अरुंदच राहिलं होतं. ब्लॉक ४० पासून पुढे चाकं आणि ब्रेक जड झाले. त्यामुळे मागच्या चाकांच्या दारांना फुगवटा आला आणि उतरतानाचे दिवे मुख्य चाकांच्या दांड्यांवरून पुढच्या चाकाच्या दारावर गेले. चाकं खाली असलेला एकच बरा फोटो मिळाला, तरी एवढ्यावरून निकाल लागतो.

मिग-२१ च्या बाबतीत नाकावरची पिटो नळी, म्हणजे हवेचा वेग मोजणारी नळी, बघावी. एफ-१३ या उपप्रकारात ती तोंडाच्या खालच्या ओठाला असते. पीएफ आणि पीएफएममध्ये वर मधोमध, आणि एमएफ, बिसमध्ये वरच पण वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली. कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, उघडी असेल तर आणखी बरं: एफ-१३ आणि पीएफमध्ये पुढची काच आणि कॅनोपी एकसंध असते आणि पुढच्या बिजागरीवर उचलली जाते, पीएफएमपासून काच वेगळी झाली आणि कॅनोपी बाजूला उघडू लागली. ही तपासणी शस्त्रांसाठीही महत्त्वाची आहे, कारण पीएफएमपर्यंत पंखाखाली दोनच पायलॉन होते. एमएफला चार आहेत. पीएफएमवर चार क्षेपणास्त्रं लावली, की मॉडेल तिथेच चुकलं.

हॉर्नेट आणि सुपर हॉर्नेट या अमेरिकी विमानांत गोंधळ व्हायचं खरं तर कारण नाही, पहिल्याची हवेची तोंडं गोलसर आणि दुसऱ्याची चौकोनी. मात्र सुपर हॉर्नेटचे पंखाखालचे पायलॉन नाकाकडून सुमारे चार अंश बाहेर वळलेले असतात. किटमध्ये ते तसे बसले, की तुकडा चुकला असं वाटून अनेक जण ते घासून सरळ करतात. तेवढं करू नये.

आता लाँचर. क्षेपणास्त्र थेट पायलॉनला लागत नाही. मध्ये रूळ किंवा झटक्याने खाली ढकलणारा लाँचर असतो, आणि तोच बरंच काही ठरवतो. रशियन आर-२७ हे क्षेपणास्त्र घ्या. रडारवर चालणारी आर-२७आर विमानाच्या पोटाखालच्या लाँचरमधून खाली ढकलून सोडता येते. उष्णता शोधणाऱ्या आर-२७टी ला मात्र सुटण्याआधी लक्ष्य दिसावं लागतं. म्हणून ती पंखाखालच्या रुळावरच टांगतात. सुखोई-२७ च्या दोन इंजिनांमधल्या जागेत ती लावणं चूक आहे. मिग-२९ वर आर-२७ फक्त आतल्या दोन पायलॉनवर येते आणि बाहेरच्या चारांवर आर-६० किंवा आर-७३ ही लहान क्षेपणास्त्रं.

एफ-१६ च्या पंखांच्या टोकांवर साइडवाइंडर, म्हणजे उष्णता शोधणारी हलकी क्षेपणास्त्रं, असं चित्र डोक्यात पक्कं असतं. रडारवर चालणारी अॅमराम आल्यावर ते बदललं: जड अॅमराम टोकाला, हलकी साइडवाइंडर आत. टोकाला थोडं वजन असलं, की पंखाची थरथर आटोक्यात राहते. १९८० च्या सुमाराच्या एफ-१६ए वर मात्र टोकाला अॅमराम दिसली, तर तारीख चुकली म्हणून समजा.

पॉडच्या बाजूही ठरलेल्या असतात. लँटर्न या रात्रीच्या उड्डाणासाठीच्या पॉडची जोडी एफ-१६ वर लावताना टार्गेटिंग पॉड उजवीकडे आणि नेव्हिगेशन पॉड डावीकडे. एफ-१५ई वर नेमकं उलट. हॉर्नेटचा नाइट हॉक टार्गेटिंग पॉड डाव्या गालावर, म्हणजे हवेच्या तोंडाच्या बाजूला. आणि सगळं दोन्ही बाजूंना सारखं असेलच असं धरून चालू नका. आखाती युद्धातल्या ए-१० च्या एका पंखाच्या सगळ्यात बाहेरच्या पायलॉनवर शत्रूचं रडार गोंधळवणारा जॅमर पॉड आणि दुसऱ्या पंखाच्या तशाच पायलॉनवर जोडीने दोन साइडवाइंडर, असे फोटो पुष्कळ आहेत. त्याच विमानावर मॅव्हरिक या जमिनीवरच्या लक्ष्यावर मारायच्या क्षेपणास्त्राचा तीन रुळांचा लाँचर असला, तरी आतला रूळ मोकळा ठेवतात, कारण त्या क्षेपणास्त्राची आग चाकाच्या टायरपर्यंत पोचते.

शस्त्र कोणतं, हे ओळखायला पंख बघावेत, जाडी नाही. स्पॅरो हे जुनं रडार क्षेपणास्त्र आणि अॅमराम, दोन्ही साधारण ३.६६ मीटर लांब; व्यास २०३ आणि १७८ मिलिमीटर. १:७२ प्रमाणात (खऱ्याच्या ७२ व्या भागात) दोन्हींची लांबी ५०.८ मिमी येते आणि जाडीत फरक जेमतेम ०.३५ मिमी. तो डोळ्यांना कळत नाही. पण स्पॅरोच्या मधल्या पंखांचा विस्तार १.०२ मीटर, म्हणजे मॉडेलवर १४ मिमी, तर अॅमरामच्या ए आणि बी उपप्रकारांचा ५३ सेंटिमीटर, म्हणजे ७.४ मिमी. हा फरक लगेच दिसतो. साइडवाइंडरमध्ये पुढचे पंख बघायचे: बी उपप्रकाराला साधे त्रिकोणी, एल आणि एम ला दुहेरी उताराचे टोकदार, एक्स ला अगदी लहान.

रंगाचे पट्टे ही पुढची पायरी. अमेरिकी शस्त्रांवर पिवळा पट्टा म्हणजे स्फोटक भरलेलं, तपकिरी म्हणजे रॉकेट मोटर, निळा म्हणजे सरावाचं. शांततेच्या काळातल्या फोटोंत निळे पट्टे फार दिसतात, आणि सरावाच्या साइडवाइंडरला कधी कधी मागचे पंखही नसतात. असा फोटो बघून पिवळे पट्टे रंगवू नयेत. नौदलाच्या बाँबचा मुद्दा वेगळा. २९ जुलै १९६७ रोजी फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर आग लागली आणि १३४ जण दगावले. आगीत बाँब लवकर फुटू नये म्हणून पुढे त्यांना उष्णतारोधक लेप दिला जाऊ लागला. तो खडबडीत असतो आणि अशा बाँबवर सहसा एकाऐवजी दोन पिवळे पट्टे असतात. मॉडेलवर हे करायचं तर जाड प्रायमर कडक केसांच्या ब्रशने ठोकून लावावा, ओढून नाही. शेपटीच्या पंखांवर आणि पुढच्या फ्यूजवर (बाँब फोडणाऱ्या भागावर) तो जाऊ देऊ नये. हवाई दलाचा त्याच काळातला बाँब मात्र गुळगुळीतच ठेवा.

शेवटचा भाग चिकटवण्याचा. किटमधले क्षेपणास्त्रांचे पंख बरेचदा अर्धा मिलिमीटर जाड असतात. १:७२ मध्ये ते ३६ मिलिमीटर झाले. ०.१३ मिमीच्या प्लास्टिक शीटमधून नवे कापले, तर जाडी नऊ मिलिमीटरवर येते. बसवताना समोरून बघितल्यावर गुणाकाराचं चिन्ह दिसायला हवं, अधिकचं नाही, आणि साइडवाइंडरचे पुढचे-मागचे पंख एकाच रेषेत हवेत. कार्डावर ती फुली आखून मधोमध भोक पाडलं आणि क्षेपणास्त्र त्यात उभं केलं, की काम सोपं होतं. पेव्हवे-२ लेझर बाँबचे मागचे पंख टांगलेले असताना आत दुमडलेले असतात आणि सुटल्यावर बाहेर येतात. किटमध्ये ते पसरलेले असतील तर कापावेत.

सगळं वेगळं रंगवून शेवटी टांगावं. अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून तारेची खीळ घातली, की जड बाँबही नंतर गळून पडत नाही. शस्त्रांच्या सुरक्षा-पिनांना लावलेल्या लाल फिती फक्त उभ्या विमानाला. कॉकपिटमध्ये वैमानिक बसवून विमान धावपट्टीवर नेलं असेल, तर शस्त्रांच्या पिना आधीच काढलेल्या असतात.