लेप किती टिकेल? ॲल्युमिनियमचा साठा मोजा

गॅस टर्बाइनच्या पात्यांवरचा लेप किती तास टिकेल, याचं उत्तर नुसत्या तासांत देता येत नाही. टर्बाइन किती वेळा चालू-बंद होणार, तेही कळावं लागतं.

निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि किंचित इट्रियम असा हा लेप असतो. तो तापला की त्यातल्या ॲल्युमिनियमचा पृष्ठभागावर ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, होतो. खरं संरक्षण करतो तो ॲल्युमिनाचा हा पातळ, घट्ट थर. लेप म्हणजे त्याला लागणारा ॲल्युमिनियमचा साठा. थर जाड होईल तशी त्याची वाढ मंदावते: जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो.

हिशेब करून पाहू. दर चौरस सेंटिमीटरवर १ मायक्रॉन जाडीच्या ॲल्युमिनासाठी सुमारे ०.२१ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम लागतं. लेप १०० मायक्रॉन जाड आणि त्यात वजनाने १० टक्के ॲल्युमिनियम असेल, तर साठा साधारण ७.५ मिलिग्रॅम. थर जागेवर राहून १० मायक्रॉनपर्यंत वाढला, तरी त्यातला पाव भागाहून थोडाच जास्त खर्च होतो.

साठा खरा संपतो तो पोपड्यांमुळे. थंड होताना धातू ॲल्युमिनापेक्षा जास्त आकसतो, थर दाबला जातो आणि सुटतो. उघड्या पडलेल्या जागी नवा थर पुन्हा सुरुवातीच्या वेगाने वाढू लागतो. धातूतलं गंधक थर आणि धातू यांच्या सांध्यावर जमलं तर थराची पकड ढिली होते. इट्रियम ते गंधक धरून ठेवतं, म्हणून त्याचं किंचित प्रमाणही मोलाचं. शिवाय आतल्या बाजूने ॲल्युमिनियम पात्याच्या मूळ मिश्रधातूत झिरपत असतं. ही गळती हिशेबात न धरता काढलेलं आयुष्य हमखास फुगलेलं निघतं.

चाचणीत नमुना, उदाहरणार्थ, १,१०० अंश सेल्सिअसला तासभर तापवतात, काही मिनिटं थंड करतात आणि ठरावीक फेऱ्यांनंतर त्याचं वजन करतात. इथे एक फसगत होते. ऑक्सिजन घेतल्याने वजन वाढतं, पोपडे पडल्याने घटतं. दोन्ही सारखं झालं की काटा मूळ वजनच दाखवतो, पण आत साठा आटत असतो. म्हणून नमुना कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवा. ॲल्युमिनियमने समृद्ध असलेल्या बीटा कणांचा पट्टा वरून आणि खालून किती आक्रसला, ते मोजतात. तो संपला म्हणजे राखीव साठा गेला. त्यानंतर पृष्ठभागावरचं ॲल्युमिनियम घटत जातं आणि निकेल व क्रोमियमची झपाट्याने वाढणारी ऑक्साइडं दिसू लागतात.

निकाल लवकर हवा म्हणून तापमान वाढवलं, तर थराची वाढ, पोपडे आणि आतली गळती सारख्याच प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे एकाच तापमानावरच्या चाचणीतून दुसऱ्या तापमानाचं आयुष्य काढू नये. निदान तीन तापमानं घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी तापण्याचा कालावधीही बदलून पाहावा.