नॅशनल की स्टेट? न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचे वाळूचे दोन दांडे

भारतातून आई-वडील आले की पहिल्या महिन्यात नायगारा ठरलेला असतो. माझ्या सासू-सासऱ्यांनाही आम्ही नेलं. परतीच्या वाटेवर बाबा फोनवर सांगलीला सांगत होते, "अमेरिकेचं नॅशनल पार्क बघून आलो." त्यांचा आनंद मोडायला नको म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पण नायगारा नॅशनल पार्क नाही. अमेरिकेच्या बाजूचा धबधबा न्यूयॉर्क राज्याच्या स्टेट पार्कात आहे आणि राज्याने तो भाग १८८५ पासून सांभाळलाय.

ही गल्लत आपल्याकडून होते, कारण 'राष्ट्रीय उद्यान' हा शब्द आपण बोरिवलीहून घेऊन येतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान 'राष्ट्रीय' असलं तरी त्याचा कारभार महाराष्ट्राचं वनखातं बघतं. आपल्याकडे तो शब्द जंगलाला किती कडक संरक्षण आहे ते सांगतो. अमेरिकेत तो मालकी सांगतो. नॅशनल म्हणजे कारभार केंद्राचा, १९१६ साली स्थापन झालेल्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे. स्टेट म्हणजे जमीन राज्याची, नियम राज्याचे आणि पासही राज्याचा. एक वरचं आणि दुसरं खालचं, असं यात काही नाही.

वाचायला हे कागदोपत्री वाटेल. पण पाण्याकाठी एका दिवसासाठी जायचं असेल, गाडीत दोन मुलं, दोन आजी-आजोबा आणि पोळीभाजीचे डबे असतील, तर जमीन कोणाची यावर तो दिवस कसा जाणार ते पुष्कळ अवलंबून असतं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांना याचं चांगलं उदाहरण घराजवळच मिळतं: सँडी हूक आणि आयलंड बीच.

नकाशात दोन्ही सारखेच दिसतात. अटलांटिकच्या कडेने वर-खाली गेलेली वाळूची अरुंद पट्टी, एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला शांत खाडी, मधून एकच रस्ता. शाळेच्या भूगोलात 'वाळूचा दांडा' शिकलो होतो, तो इथे प्रत्यक्ष पायाखाली येतो. दोन्हीकडे जायला गार्डन स्टेट पार्कवे हाच महामार्ग धरायचा. सँडी हूकला ११७ नंबरच्या एक्झिटवर उतरायचं, आयलंड बीचला ८२ नंबरच्या. "त्या लांब वाळूच्या बीचवर गेलो होतो" असं कोणी सांगितलं की मी आधी एक्झिट विचारते.

सँडी हूक केंद्राचं आहे. १९७२ साली झालेल्या गेटवे नॅशनल रिक्रिएशन एरियाचा तो एक भाग. नाव 'नॅशनल पार्क' नाही, पण कारभार त्याच नॅशनल पार्क सर्व्हिसचा. केंद्राकडे तो आला कारण इथे लष्कर होतं. न्यूयॉर्कच्या बंदराचं तोंड या दांड्याजवळ आहे, म्हणून इथे तोफा बसल्या, फोर्ट हॅनकॉक उभा राहिला, पुढे क्षेपणास्त्रं आली. १९७४ साली लष्कर गेलं. अधिकाऱ्यांची पिवळ्या विटांची घरं खाडीकडे तोंड करून ओळीने अजून उभी आहेत, काही डागडुजी झालेली, काही पडायला आलेली. समुद्रावर जाऊन किल्ला बघायची सवय आपल्याला मुरुड-जंजिऱ्यापासून आहे, त्यामुळे बाबा इथे रमले.

त्यांना सगळ्यात आवडलं ते दीपगृह. ११ जून १७६४ ला ते पहिल्यांदा पेटलं आणि अमेरिकेत अजून चालू असलेलं ते सगळ्यात जुनं दीपगृह आहे. साल ऐकताच बाबा म्हणाले, "म्हणजे पुण्यात थोरले माधवराव!" मग त्याच्या पांढऱ्या भिंतीला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. मला त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. बांधलं तेव्हा हे दीपगृह दांड्याच्या टोकापासून सुमारे ५०० फुटांवर होतं. आज ते टोक जवळजवळ दीड मैल लांब आहे. दीपगृह जागचं हललेलं नाही, वाढला तो दांडा. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि दर लाटेसरशी थोडी वाळू उत्तरेकडे सरकते. अडीचशे वर्षं असं चालल्यावर एवढी नवी जमीन तयार झाली. मुलांना हे समजावायला पुस्तक लागत नाही. पाण्याच्या कडेला चेंडू सोडायचा, तो आडवा कुठे जातो ते त्यांना स्वतःला बघू द्यायचं.

आयलंड बीचचा इतिहास अगदी उलटा, आणि म्हणूनच तिथे काही बांधलेलं दिसत नाही. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा भागीदार हेन्री फिप्स याने १९२६ मध्ये ही जमीन घेतली. श्रीमंतांसाठी समुद्रकाठची वसाहत करायचा बेत होता, तो पुरा झाला नाही. १९५३ मध्ये राज्याने जमीन विकत घेतली आणि १९५९ मध्ये लोकांना उघडली. सीसाइड हाइट्सची दुकानं, पाळणे आणि गर्दी मागे टाकून फाटकातून आत शिरलं की जवळजवळ दहा मैल फक्त वाळूच्या टेकड्या, खुरटी झाडं आणि गवत. न्यू जर्सीचा बराचसा किनारा कधीकाळी असाच होता.

आमच्या घरात या दोन जागांवरून दर जूनमध्ये वाद होतो आणि मी नेहमी आयलंड बीचच्या बाजूने असते. तिथे गेल्या वर्षी माझ्या मुलीने कोल्हा बघितला. लालसर, बारीक, शेपटीचं टोक पांढरं. पार्किंगच्या कडेला बसून तो आमच्या डब्याकडे बघत होता. तिने थालीपीठाचा तुकडा पुढे केला आणि मी तिचा हात धरला. तिथे कोल्ह्यांना खायला घालायला बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेला कोल्हा रस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडतो. ती रुसली. मग खाडीच्या बाजूला खांबावरचं ऑस्प्रेचं घरटं दिसलं, पंजात मासा धरून पक्षी परत आला आणि रुसवा गेला.

पण आजी-आजोबा बरोबर असतील तर मी स्वतःच सँडी हूक सुचवते. तिथे सायकल आणि चालण्यासाठी पक्का डांबरी मार्ग आहे, त्यावर स्ट्रोलरही जाते आणि गुडघे दुखणारी माणसंही. पाण्यापलीकडे हवा स्वच्छ असेल तर मॅनहॅटनच्या इमारती दिसतात. आयलंड बीचला प्रत्येक गोष्ट वाळूतून चालत जाऊन करावी लागते. दक्षिणेच्या टोकाला खाडीच्या मुखापलीकडे बार्नेगॅटचं १८५९ चं लाल-पांढरं दीपगृह दिसतं. बाबा म्हणाले, "अगं, हे तर समोरच आहे, जाऊन येऊ." समोर आहे खरं, पण मध्ये समुद्राची वाट आहे. गाडीने तिथे पोचायला सगळी खाडी वळसा घालून एक तासाहून जास्त लागतो. तेही स्वतंत्र स्टेट पार्क आहे, बार्नेगॅट लाइटहाउस नावाचं. त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

आता पैशाचं. आपल्यापैकी पुष्कळांकडे केंद्राचा ८० डॉलरचा वार्षिक पास असतो, यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनच्या वेळी काढलेला. तो स्टेट पार्कात चालत नाही, नायगाऱ्यालाही नाही आणि आयलंड बीचलाही नाही. सँडी हूकचा प्रकार आणखी वेगळा. तिथे प्रवेश मुळात फुकट आहे. उन्हाळ्यात पैसे घेतात ते समुद्राकडच्या पार्किंगचे. म्हणून पास खिशात असला तरी त्या पैशांची तयारी ठेवून निघावं. आयलंड बीचला गाडीमागे प्रवेशशुल्क आहे, आणि न्यूयॉर्क किंवा पेनसिल्वेनियाची गाडी असेल तर ते जास्त पडतं. उन्हाळ्यात चार-पाच वेळा स्टेट पार्कात जाणार असाल तर राज्याचा वार्षिक पास काढून टाका.

पैशापेक्षा वेळेचं महत्त्व जास्त. उन्हाच्या शनिवार-रविवारी दोन्ही जागा भरतात आणि भरल्या की फाटक बंद होतं. एका वर्षी आम्ही अशाच एका पार्कच्या फाटकाशी साडेअकराला पोचलो. मागच्या सीटवर सासूबाई दहीभाताचा डबा मांडीवर धरून बसलेल्या, मुलांनी पोहायचे कपडे घरूनच घालून आणलेले, आणि समोर 'फुल' असा बोर्ड. दहीभात आम्ही एका दुकानाच्या पार्किंगमध्ये खाल्ला. त्यानंतर आमचा नियम असा: कुकर आदल्या रात्री लावायचा आणि नऊच्या आत फाटक ओलांडायचं.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे वडीलधाऱ्यांसमोर कोणाची पंचाईत होणार नाही. सँडी हूकवरच्या गनिसन बीचवर लोक कपड्यांशिवाय बसतात. जमीन केंद्राची असल्यामुळे तिथे ते चालतं आणि तशा पाट्याही लावलेल्या आहेत. त्या लोकांचं त्यात काही चुकत नाही. आपण पाटी वाचून दुसऱ्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, एवढंच.

पाण्याबद्दल मात्र केंद्र-राज्य असा फरक नाही. तिथे फरक आहे समुद्राची बाजू आणि खाडीची बाजू यांच्यात, आणि तो दोन्ही जागी सारखाच जिवावरचा आहे. समुद्राच्या बाजूला रिप करंट असतात. फुटलेल्या लाटांचं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढ घेतं. गंमत अशी की तो पट्टा कडेच्या पाण्यापेक्षा शांत दिसतो, तिथे लाटा कमी फुटतात, आणि आई-बाप मुलांना नेमकं तिथेच उतरवतात. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं, नाहीतर तरंगत राहून हात वर करायचा. म्हणून जीवरक्षक बसलेले असतात त्याच हद्दीत पाण्यात उतरा. गुडघाभर पाण्यातसुद्धा लहान मुलाचा हात सोडू नका. कोकणातल्या पुळणीवर मोठं झालेल्या माणसालाही हे लागू आहे, आपल्याला समुद्र कळतो असं वाटत असलं तरी.

खाडीची बाजू उथळ आणि कोमट. सँडी हूकच्या खाडीकडे मे-जूनमध्ये घोड्याच्या नालेसारखं कवच असलेले हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला कडेला येतात. उलटा पडलेला दिसला तर कवचाच्या कडेला धरून सुलटा करायचा. शेपटीला धरून उचलायचं नाही, तिला इजा होते. तो नांगीसारख्या शेपटीमुळे भयंकर दिसतो, पण काही करत नाही. आयलंड बीचच्या खाडीत कयाक चालवायला छान वाटतं. मात्र जुलैत तिथे हिरव्या डोळ्यांच्या माश्या असतात आणि त्या कपड्यावरूनही कडकडून चावतात, तेव्हा वारा समुद्राकडून असेल तो दिवस निवडा.

वाळूच्या टेकड्यांवर चढायला दोन्हीकडे मनाई आहे. त्यांवरचं गवत मुळांनी वाळू धरून ठेवतं आणि ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळानंतर त्याची किंमत या किनाऱ्यावर सगळ्यांना कळली. दिवाळीचा किल्ला करायची हौस मुलांना ओल्या वाळूत भागवू द्या. पायवाट सोडलीत तर पॉयझन आयव्ही लागेल, अंगाला खाज आणणारी तीन पानांची वेल, सँडी हूकवर फार आहे. घरी गेल्यावर मुलांच्या कानामागे आणि गुडघ्यामागे गोचीड बघायची.

न्यू जर्सीच्या स्टेट पार्कात कचऱ्याचे डबे नसतात, आणलेलं सगळं परत न्यायचं. मी दोन मोठ्या पिशव्या गाडीत ठेवते, एक आपली आणि एक सापडलेल्या कचऱ्यासाठी.

सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे झाला की सँडी हूकच्या पार्किंगचे पैसे बंद होतात आणि दोन्हीकडचे जीवरक्षक उठतात, त्यामुळे पोहणं संपलं. पाणी मात्र जूनपेक्षा ऊबदार असतं, पाय भिजवण्याइतकं. सप्टेंबरमध्ये टेकड्यांच्या कडेने पिवळा गोल्डनरॉड फुलतो आणि दक्षिणेकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं त्यावर उतरतात. सासूबाईंची परतीची तिकिटं यंदा ऑक्टोबरची आहेत.