संग्रहातल्या वस्तूंचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर कसे द्यायचे? कोल्हापुरातल्या संस्थांसाठी माहिती

कोल्हापुरात जुनी चित्रं, पोथ्या, शस्त्रं जपून ठेवलेल्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांचे फोटो कॉमन्सवर, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या फोटोंच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवायला शुल्क लागत नाही. गाडी अडते ती हक्काच्या कागदांवर. चित्र संस्थेच्या भिंतीवर आहे, म्हणजे त्याचा कॉपीराइटही संस्थेचाच, असं सर्रास धरलं जातं. तसं नसतं.

काय चालेल? भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. मोजणी पुढच्या 1 जानेवारीपासून. आबालाल रहिमान 1931 साली गेले, बाबूराव पेंटर 1954 साली. दोघांच्याही चित्रांवरचा कॉपीराइट भारतात आता संपला आहे. चंद्रकांत मांढरे 2001 मध्ये गेले. त्यांच्या चित्रांसाठी 2061 संपेपर्यंत हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. जुनी समई किंवा तलवार असेल तर हा प्रश्न नाही, पण तिच्या फोटोवर हक्क निर्माण होतो.

फोटो पैसे देऊन काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर कायद्याने हक्क काम देणाऱ्याचा. ओळखीतल्या कुणी हौसेने फुकट काढून दिले, तर हक्क त्याचा. अशा वेळी हक्क संस्थेच्या नावावर लिहून घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश नक्की टाका. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्यापेक्षा त्यानेच स्वतःच्या खात्यावरून फोटो चढवले, तर सगळ्यांचीच कटकट वाचते.

टाऊन हॉल संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तूंचे फोटो हवे असतील, तर अर्ज संग्रहालयामार्फत तिकडेच करा.

कागदपत्रं: विश्वस्त मंडळाचा ठराव (कॉमन्स तो मागत नाही, पण पुढची भांडणं टळतात), फोटोग्राफरचं बिल किंवा हस्तांतरपत्र, वस्तूंची यादी.

प्रक्रिया: खातं उघडा, अपलोड विझार्डमधून फाइल चढवा, परवाना (इतरांनी फोटो कोणत्या अटींवर वापरायचा ते) निवडा. त्यानंतर संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून कॉमन्सच्या स्वयंसेवकांना संमतीपत्र पाठवा. त्याचा ठरलेला मजकूर तिथेच मिळतो. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ ही आपली आवडती अट तिथे चालत नाही. नाव देण्याची अट घालता येते, पण उद्या कुणी त्या चित्राची कॅलेंडरं छापून विकली तर हरकत घेता येणार नाही. दिलेला परवाना मागेही घेता येत नाही. म्हणून ठरावाच्या बैठकीत हे मोठ्याने वाचून दाखवा.

वर्णनात ‘जुनी समई’ एवढंच लिहू नका. ‘पितळी समई, उंची अमुक सेंटीमीटर, नोंदवही क्रमांक अमुक, देणगी’ असं लिहा. वस्तू कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात आहे ते मात्र लिहू नका. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र असेल, तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणी झाली आहे का, ते आधी पाहा. कॉमन्सवर फोटो टाकला म्हणजे ती नोंदणी होत नाही.