टक्के घसरले, पण मूल पुढे गेलं

“मागच्या वर्षी ७८ टक्के होते, यंदा ७१. घसरला की हो!” निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी हे हमखास कानावर पडतं आणि दर वेळी माझा जीव तुटतो. सहावीचा पेपर वेगळा, सातवीचा वेगळा. दोन निराळ्या तराजूंवरची वजनं एकमेकांतून वजा करून पोर किती वाढलं हे कसं कळणार?

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमधले गणिती गेऑर्ग राश यांच्यापुढे नेमका हाच पेच होता. वाचनात मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवणी दिली होती. तिचा उपयोग किती झाला, हे शोधायचं होतं. मूल उतारा मोठ्याने वाचणार आणि त्याच्या चुका मोजायच्या. पण मूल मोठं झालं की उताराही अवघड होणार!

राश यांनी मांडलं, की चुकांची अपेक्षित संख्या म्हणजे उताऱ्याचं काठिण्य भागिले मुलाची क्षमता. समजा, एका मुलाच्या सोप्या उताऱ्यात ५ आणि अवघड उताऱ्यात १० चुका झाल्या. दुसऱ्या, कच्च्या मुलाच्या १२ आणि २४. दोघांचं गुणोत्तर एकच, १:२. भागाकार करताना मुलाची क्षमता वर-खाली दोन्हीकडे येते आणि कटून जाते, उरतात फक्त उतारे. हे मला फार सुंदर वाटतं. प्रत्यक्षात चुका पॉइसाँ वितरणानुसार, म्हणजे योगायोगाने मोजणी कशी कमी-जास्त होते हे सांगणाऱ्या संख्याशास्त्रातल्या नियमानुसार, थोड्या इकडेतिकडे होतात. तरी मुलाच्या एकूण चुका धरून चाललं, तर त्यांची दोन उताऱ्यांतली वाटणी उताऱ्यांच्या काठिण्यावरच ठरते. त्यामुळे पुष्कळ मुलांकडून दोन्ही उतारे वाचून घेतले, की गुणोत्तर हाती येतं.

आता एका मुलीने गेल्या वर्षी सोप्या उताऱ्यात १० चुका केल्या आणि यंदा अवघड उताऱ्यात १२. चुका वाढल्या? उतारे वरचेच, अवघड उतारा दुप्पट कठीण; म्हणजे सोप्या उताऱ्यात तिच्या आज ६च झाल्या असत्या. तिची क्षमता दीडपटीहून अधिक वाढली आहे.

१९६०च्या पुस्तकात राश यांनी बरोबर-चूक उत्तरांसाठीही प्रारूप दिलं. क्षमता आणि काठिण्य समान असेल, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के. क्षमता काठिण्याहून एक ‘लॉजिट’ (क्षमता आणि काठिण्य दोन्ही मोजायचं एकक) वर असेल तर ७३, दोन लॉजिट वर असेल तर ८८. दोन वर्षांच्या पेपरांत काही प्रश्न समान ठेवले, की दोन्ही एकाच पट्टीवर येतात.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’वर पालक हजारो रुपये घालवतात. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. राश यांचं प्रारूप मात्र तपासून पाहता येतं. लोकलच्या वेळापत्रकावरचं गणित मुंबईच्या मुलाला सहज सुटेल, तितक्याच हुशार गडचिरोलीच्या मुलाला लोकल म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागेल. अशा प्रश्नाचं काठिण्य दोन्ही गटांत वेगवेगळं निघतं, आकडेमोडीत ते दिसतं, आणि तो प्रश्न पट्टीतून काढावा लागतो.