तोलाचे व्यायाम (घरगुती साधनांनी)

उभे राहताना, वळताना किंवा चालताना शरीराचा भार पावलांच्या आधाराबाहेर जाऊ न देण्याच्या क्षमतेला तोल म्हणतात. ती वाढवणारे व्यायाम ते तोलाचे व्यायाम. तोल म्हणजे स्तब्धता नव्हे. एका पायावर उभे राहून घोट्याकडे पाहिले की तिथल्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) सारख्या वर-खाली होताना दिसतात. भार अंगठ्याकडून करंगळीकडे आणि परत जात असतो. डोळे, कानाच्या आतल्या भागातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि तळवे-सांध्यांतून येणाऱ्या संवेदना अशा तिघांच्या खबरींवर मेंदू ही दुरुस्ती करतो. डोळे मिटले की एक खबऱ्या कमी होतो आणि भलेभले डगमगतात.

यासाठी घरातल्या वस्तू पुरतात, पण त्यांची कामे दोन परस्परविरोधी आहेत. पायाखाली उशी किंवा चादरीची जाड घडी घेतली की तळव्याची खबर धूसर होते आणि व्यायाम अवघड होतो. खुर्चीची पाठ, भिंत किंवा स्वयंपाकघराचा ओटा यांना बोटे टेकवली की तो सोपा होतो. ही दुसरी वाट पुण्याला विशेष परिचयाची. १९३७ साली पुण्यात आलेले योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, विटा, पट्टे, घोंगड्या आणि भिंतीचे दोर आसनांच्या शिकवणीत रुजवले. त्यांची संस्था १९७५ पासून शहरात आहे. वृक्षासनात, म्हणजे एका पायावर उभे राहण्याच्या आसनात, भिंतीला पाठ टेकवणे ही पळवाट, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात पडण्याची धास्ती असली की अंग ताठरते आणि सराव नीट होत नाही.

सुरुवात पावले जुळवून उभे राहण्याने करावी. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याशेजारी, त्यानंतर थेट पुढे, शेवटी एक पाय उचलून. प्रत्येक पायरी १० सेकंद जमली की पुढची. फरशीच्या सांध्यावरून टाचेला चवडा लावत चालणे आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे हेही यातच येते. उशी सगळ्यात शेवटी. उत्साही मंडळी नेमकी तिच्यापासून सुरुवात करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणारा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावा. चक्कर येत असल्यास किंवा नुकतेच पडणे झाले असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. पायमोजे घालून, ओल्या फरशीवर किंवा चाकांच्या खुर्चीला धरून हे व्यायाम करू नयेत. पायाखाली लाकडी पाट घेतला तर तोही गुळगुळीत फरशीवर सरकतो, म्हणून त्याखाली ओलसर पिळलेले फडके नव्हे, रबरी चटई घालावी.

तोलाची खरी परीक्षा चढताना नव्हे, उतरताना होते. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्या सकाळी धापा टाकत चढणारे ज्येष्ठ उतरताना कठड्याकडे सरकतात, ते याचमुळे.