द हे वेन

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याचे १८२१ सालचे तैलचित्र. वाळलेले गवत वाहणाऱ्या गाडीला इंग्रजीत ‘हे वेन’ म्हणत. कॅनव्हासवरील हे निसर्गचित्र सुमारे १३० सेंमी. उंच व १८५ सेंमी. रुंद असून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

स्थळ इंग्लंडमधल्या फ्लॅटफर्ड या वाडीचे. सफक आणि एसेक्स या परगण्यांच्या सीमेवरून स्टूर नदी वाहते, तिच्या काठी कॉन्स्टेबलच्या वडिलांची पाणचक्की होती. डावीकडचे घर शेजारी शेतकरी विली लॉट याचे. वेळ दुपारची, लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात १८२१ मध्ये हे चित्र मांडले गेले तेव्हा त्याचे नावच ‘निसर्गदृश्य : दुपार’ असे होते. रिकामी गाडी उथळ पाण्यात उभी आहे, काठावर कुत्रा आहे आणि दूर उजवीकडे कुरणात गवत कापणारी माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. गाडी पाण्यात का घातली, याचा एक खुलासा बैलगाडी पाहिलेल्या वाचकाला लगेच पटेल : उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आकसून लोखंडी धाव सैल होते, चाक भिजवले की ती पुन्हा घट्ट बसते.

चित्रातली शांतता जागेवर सापडलेली नाही, ती रचलेली आहे, आणि या चित्राचे खरे मोल त्यातच आहे. चित्र रंगले लंडनमधल्या स्टुडिओत. जुनी रेखाटने हाताशी होती. गाडीचा तपशील गावाकडून मागवला गेला. आधी त्याच आकाराचे एक कच्चे तैलचित्र केले (ते आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे). त्यात कुत्र्याजवळ घोड्यावर बसलेली एक आकृती आहे. अंतिम चित्रातून ती गेली, आणि पाणी मोकळे झाले. नेपोलियनशी युद्ध संपल्यावर त्या भागातल्या शेतमजुरांत मोठा असंतोष होता, १८१६ आणि १८२२ मध्ये दंगेही झाले. त्याची सावली येथे पडलेली नाही. बालपणीच्या नदीवरची माया मात्र प्रत्येक इंचात आहे : पानांवरचे पांढरे ठिपके, हिरव्याला उठाव देणारा घोड्यांच्या साजाचा लाल रंग, सरकते ढग.

लंडनमध्ये ते विकले गेले नाही. पुढे जॉन ॲरोस्मिथ या व्यापाऱ्याने ते घेतले, आणि १८२४ च्या पॅरिसच्या सलों या कलाप्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. हेन्री व्हॉन याने १८८६ मध्ये ते नॅशनल गॅलरीला दिले. विली लॉटचे घर आजही त्याच पाण्याकाठी उभे आहे.