पार्श्वभूमी : सुमोचं रिंगण आणि १९६९चा वादग्रस्त निकाल

पाठ टेकली की कुस्ती निकाली. सुमोत, म्हणजे जपानी कुस्तीत, तळपाय सोडून शरीराचा कुठलाही भाग मातीला लागला, किंवा पायाचं बोट रिंगणाबाहेर टेकलं, तरी सगळं संपतं. फ्रीस्टाइल कुस्तीत पाय रेषेबाहेर गेला तर समोरच्याला एक गुण मिळतो आणि लढत पुढे चालू राहते. माझ्या मते दोन्ही खेळांतला खरा फरक इथेच आहे. व्यावसायिक सुमोत वजनगट नाहीत, हा मुद्दा त्यानंतरचा. १८९६च्या ऑलिंपिक कुस्तीतही वजनगट नव्हते.

हे रिंगण मात्र वाटतं तितकं प्राचीन नाही. जुन्या दरबारी लढतींत प्रतिस्पर्ध्याला पाडावंच लागे. मातीनं भरलेल्या पेंढ्याच्या गोण्यांचं रिंगण एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) रुजलं आणि ढकलून बाहेर काढणं हाही विजय ठरला. आजचं रूप तर विसाव्या शतकातलं आहे. १९२८ मध्ये रेडिओवर प्रक्षेपण सुरू झालं आणि लढतीपूर्वीच्या तयारीला वेळेची मर्यादा आली. १९३१ मध्ये दुहेरी रिंगण एकेरी झालं, व्यास ३.९४ मीटरवरून ४.५५ मीटर झाला. १९५२ मध्ये प्रेक्षकांच्या नजरेआड येणारे चार खांब काढून छत वर टांगलं गेलं.

मग आला मार्च १९६९. ओसाकातल्या स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सलग ४५ लढती जिंकलेला योकोझुना, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च दर्जाचा मल्ल, रिंगणाच्या कडेला झुंजत होता. ग्योजीनं, म्हणजे आखाड्यातल्या पंचानं, कौल त्याच्याच बाजूनं दिला. कडेला बसलेल्या पाच पंचांनी हरकत घेतली, वर चढून चर्चा केली आणि निकाल फिरवला. छायाचित्रांत दिसलं ते उलटंच : प्रतिस्पर्ध्याचा पाय आधी बाहेर पडला होता. तरीही पंचांनी फिरवलेला निकाल पुन्हा बदलला नाही. विजयमालिका तुटली ती तुटलीच. योकोझुनानं दोष स्वतःकडे घेतला, वाद व्हावा अशी लढत योकोझुनानं करू नये म्हणून. हा त्याचा मोठेपणा होता, पण त्यामुळे अन्याय धुतला जात नाही.

पुढच्याच, मे महिन्याच्या स्पर्धेपासून पंचांच्या मदतीला चित्रफीत आली. तिनं सगळे पेच सुटले नाहीत. एखादा रिकिशी, म्हणजे सुमो मल्ल, तोल पुरता गमावून हरल्यात जमा असेल, तर त्याच्यावर कोसळणाऱ्याचा हात आधी टेकला तरी चालतो. ‘हरल्यात जमा’ नेमकं कधी, हे कॅमेरा सांगत नाही, पंचच ठरवतात. दोघं एकाच क्षणी पडले असं वाटलं, तर लढत पुन्हा होते.

फ्रीस्टाइलमध्ये आज मल्लाचा प्रशिक्षक चित्रफितीची मागणी करू शकतो. ती फेटाळली गेली तर समोरच्याला गुण जातो. सुमोत हरकत पंच घेतात, कडेला पाळीची वाट पाहणारे रिकिशीही घेऊ शकतात. ज्याची लढत आहे त्याला मात्र हा हक्क आजही नाही.